पाळण्याची कडी
परवा गवंड्याने नव्या खोलीच्या छताला पंख्यासाठी कडी ठेवू का, असं विचारलं, आणि मला १९६५च्या सुमाराचं आमचं सातपाटीचं घर आठवलं. एका खोलीत आम्ही आठ माणसं राहत होतो. वहिनीला दिवस गेले तेव्हा दादाने जुन्या होडीच्या फळ्या ठोकून पुढची पडवी बंद केली, आईने जमीन सारवली, आणि तुळईला पाळण्यासाठी होडीचीच लोखंडी कडी बसली. “नाखवा होनार हाय, डोलायला आतापासनं शिकू दे,” दादा म्हणाला. “आदी येऊ तर दे रे!” आई हसली. मूल मेलेलंच जन्मलं. मग त्या खोलीत कोणी पाऊल टाकेना. सारवणाचा वास आत कोंडून राहिला आणि आम्ही सगळे पुन्हा जुन्या खोलीत दाटीने झोपू लागलो. माझी मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती. त्या गोंगाटात वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं, आणि नापास झाले तर मासळीची टोपली डोक्यावर येणार, हे ठरलेलं होतं. एका संध्याकाळी वहिनी पेटलेला कंदील घेऊन त्या खोलीत गेली आणि तिने तो कडीला अडकवला. “हितं बस. खोली रिकामी ठेवाला बांदली नाय,” ती म्हणाली. कंदील झुलू लागला, तशी तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुरता थांबेपर्यंत सोडला नाही. त्या उजेडात मी मॅट्रिक झाले, पुढे आमच्या घरातली पहिली पदवीधर. पण छताची कडी म्हटली की मला अजून झुलता कंदील धरून उभी असलेली वहिनीच दिसते. गवंड्याला मी सांगितलं, “कडी नको. टेबलफॅनवर भागेल.”