कान दादाच पिळणार

मंडळी, दादाचे मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, म्हणून आज पनवेलला अशा पेशंटच्या नातेवाइकांच्या मीटिंगला गेले होते.

शेजारी कोन गावच्या एक आजी बसल्या होत्या. साठच्या दशकातलं स्वतःचं लग्न सांगत होत्या. "नवऱ्याचा कान पिळायला चुलतभाव उभा केला. सख्ख्याला वेडा म्हणून खोलीत कोंडलेला. दाराआडून इचारत होता, बायचा लगीन झाला का? त्याला कोनी सांगितलाच नाय."

माझं लग्न पुढच्या महिन्यात आहे. तेवढे दिवस दादाला आपटा गावी मावशीकडे ठेवायचं आईने ठरवलं होतं.

घरी आले आणि आईसमोरच त्याला म्हटलं, "दादा, कान तूच पिळायचास."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "किती जोरात?"

सांगा हो, तुमच्याकडे किती जोरात पिळतात?