ढावलो आणि लाल दिवा

आमच्या लहानशा सामुदायिक रेडिओत ऑडिओ प्रोसेसर सांभाळायचं काम माझं. आवाज आत किती घ्यायचा आणि बाहेर किती सोडायचा, हे दोन बटणांवर ठरतं. आत झेपेनासा झाला की लाल दिवा पेटतो, आवाज फाटतो. पेटला की बटण मागं घ्यायचं, बस. यात चुकण्यासारखं आहेच काय, असं मी नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

एकदा फुलसावंगीकडच्या तांड्यावरून एक मावशी आली. त्यांच्यात नवरी सासरी निघताना माणसांच्या गळ्यात पडून, रडत ढावलो हे निरोपाचं गाणं म्हणते. मावशीला तिच्या आईनं शिकवलेला येत होता. आठवड्याभरात नागपूरला तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. लेक आश्रमशाळेत वाढलेली, तिला तो येत नव्हता. उन्हाळ्यात तिचं लग्न होतं. रेकॉर्ड ऐकून तिनं शिकावं, एवढ्यासाठी मावशी आली होती.

"घरीच काहून नाही शिकवला?" मी विचारलं.

"घरात उगाच ढावलो म्हनू नाही, पोरी. रेडिओत चालते."

रेडिओला ही सूट कोणी दिली, ते मी विचारलं नाही. आवाजाची लेव्हल लावायला माझा नेहमीचा प्रश्न टाकला, "मावशी, सकाळी काय जेवल्या?"

"भाकर अन् वरन," ती पुटपुटली. आवाज मोजणारा काटा जागचा हलेना. मी आत येणारा आवाज चांगला वाढवला, बाहेरचा नीट बसवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खूण केली.

तिनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "भितीकडे पाहून रडू येत नाही मले. गळ्यात गळा पायजे. तू ये."

मी माइकपाशी गेले. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि एकदम वरचा सूर लावला. तिच्या खांद्यावरून मला लाल दिवा दिसला. बटण दोन हातांवर होतं. रडणाऱ्या बाईला ढकलून कसं जायचं? बोलले असते तर माझाच आवाज त्यात आला असता. प्रत्येक उंच सुराला दिवा पेटत होता आणि मी नुसती बघत होते.

संपल्यावर पुन्हा म्हणायला सांगणार होते. पण तिला पाणीसुद्धा गिळवेना.

मग मी बसले ते रेकॉर्डिंग घेऊन. बाहेरचा आवाज कमी करून पाहिला. फाटलेला सूर हळू झाला, पण फाटलेलाच राहिला. आत येतानाच जे तुटलं, ते बाहेर काढताना कुठून जोडणार? तसंच रेकॉर्डिंग लेकीच्या मोबाइलवर पाठवलं. चूक माझी आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही.

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. निघताना लेक आईच्या गळ्यात पडली आणि तिनं ढावलो सुरू केला. शब्द न् शब्द बरोबर. उंच सुराला पोचली की मात्र ती घशातून खरखर काढायची, प्रत्येक वेळी, नेमकी तिथंच.

"माय जशीच्या तशी उतरली," माझ्या बाजूची बाई डोळे पुसत म्हणाली.

मावशीच्या गळ्याला पांढरा रुमाल होता. लेकीच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती आणि नाही, नाही अशी मान हलवत होती.