फिजोआंची मागणी आणि आजीचे डबे

आमच्या घराण्यात इकॉनॉमिक्समध्ये नापास होणारी मी पहिलीच. (इकॉनॉमिक्स घेणारीही मी पहिलीच, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही.)

शाळेत यिअर ट्वेल्व्हला इकॉनॉमिक्सच्या सरांनी काम दिलं होतं. शनिवारी एक वस्तू विकायची, दर तासाला किंमत उतरवायची, खप किती वाढतो ते लिहायचं आणि त्यावरून मागणीचा आलेख काढायचा. यात चुकलं तर पुढच्या वर्षी इकॉनॉमिक्स मिळणार नव्हतं. आणि घरात अर्थतज्ज्ञ तयार होतेय, हे आजीने नागपूरला फोन करकरून सगळ्यांना सांगितलं होतं.

मी फिजोआ निवडले. इथे परदेशात, ओटाहुहुच्या आमच्या घरामागे झाड आहे. एप्रिलमध्ये ही पेरूच्या नात्यातली हिरवी फळं इतकी पडतात की पाय ठेवायला जागा नसते. माल फुकट! हे मला सुचलं. गल्लीत प्रत्येकाच्या घरामागे हेच झाड आहे, हे मात्र सुचलं नाही.

गेटपाशी टेबल मांडलं. शेजारी आजी खुर्ची टाकून बसली. लोक हसून ‘किया ओरा’ हा इथला नमस्कार म्हणत, आजी ‘जय भीम’ म्हणे, आणि लोक पुढे जात. तीनदा किंमत उतरवली, खप शून्य. मी नवी पाटी रंगवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर टेबल अर्धं रिकामं!

“आजी, कितीला गेले?”

“कितीला म्हणजे? शेजारची लोसा आली होती, समोरचे आजोबा आले होते. डबे भरून दिले. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवतात का?”

मी तिला मागणीच्या नियमावर दहा मिनिटं भाषण दिलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि मी सकाळपासून काही खाल्लंय का, असं विचारलं.

दुपारी डबे परत येऊ लागले. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आजीने इथे आल्यापासून वर्षभरात अख्ख्या गल्लीला शिकवलं होतं. आता एप्रिलमध्ये माणूस डब्यात घालणार काय? शेजारच्या लोसाकाकूंनी डबा शिगोशीग फिजोआंनी भरून आणला, वर एक पिशवीही. आमच्याकडे हीप्स आहेत, ढीगच्या ढीग, म्हणाल्या. समोरच्या आजोबांनी तर बादलीच आणली. संध्याकाळी माझ्याकडे सकाळच्या दुप्पट माल होता. हा आलेख कुठल्या बाजूला काढायचा, ते पुस्तकात नव्हतं.

मी घडलं तसं सगळं लिहिलं, डब्यांसकट. शेरा आला: नॉट अचीव्ह्ड, म्हणजे नापास. मला रडूच आलं.

“माझ्यामुळे झालं ना गं?” आजीने विचारलं, तेव्हा जास्तच आलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे आणखी एक संधी मागायला गेले, तेव्हा आजीने फिजोआच्या चटणीचा डबा हातात दिलाच. (ही लाच नाही, असं मी सरांना तीनदा सांगितलं. त्यामुळे ती तशीच वाटली असावी.) विचार करून सांगतो, म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी सांगितलं, की पुन्हा लिहून दे, पण फळ बदल. शिवाय अहवाल नीट वाचला, असंही म्हणाले आणि डबा परत दिला. चांगलाच जड लागला.

घरी येऊन उघडला. काठोकाठ फिजोआ!

“सरांना वळण आहे हो,” आजी समाधानाने म्हणाली.

म्हणजे आमचा बाजार सरांनाही कळला होता. कळायचा राहिला होता तो फक्त घराण्यातल्या एकमेव अर्थतज्ज्ञाला.