फाटकावरचा निरोप

मांजरी गावात कुणी वारलं की निरोप घेऊन दत्तोबाच निघत. मरणाचा निरोप दारातून सांगायचा, उंबरा ओलांडायचा नाही, ही रीत त्यांनी चाळीस वर्षं पाळली.

निशाचे वडील गेले. तेरा दिवस तिला सुतक होतं. तिच्या कॉलेजात स्पॅनिशच्या बाईंचा नियम कडक होता: न कळवता तीन तास बुडवले की परीक्षा नाही. म्हणून दत्तोबा कॉलेजवर गेले, फाटकावरच्या वॉचमनला सांगून परतले. निरोप तिथेच राहिला.

चौदाव्या दिवशी निशा वर्गात गेली, तर परीक्षेच्या यादीतून तिचं नाव गेलेलं.

"एका शब्दाने कळवायचं होतंस," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी दत्तोबांनी मान खाली घातली. "फाटकापत्तुर गेलो व्हतो, पोरी. असला निरोप घेऊन आत कसा शिरू?"