दादाची दोन सीटची होडी

चार माणसं रोज सकाळी एका होडीभोवती जमली की किस्से साठतातच, होडीच्या तळाला पाणी साठतं तसे. वेळच्या वेळी उपसावे लागतात. म्हणून सांगतो. दादाला जाऊन दोन महिने झाले. तो हायवेवर अपघातात गेला, पाण्यावर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या पिंपळवंडीत लोक काहीही बोलतात!

*

दादाने कयाक आणली ती टोमॅटोच्या पिकअपमध्ये. केशरी, प्लॅस्टिकची, दोन सीटची वल्हवायची होडी; आमच्या घराखालीच धरणाचं पाणी. शेजाऱ्याचा पहिला प्रश्न, "गुरांना पाणी पाजायला एवढा लांबडा टप?"

आई म्हणाली, "म्हैस आणली असती तर दूध तरी दिलं असतं!"

"आई, तासभर वल्हवलं की खांदे दुखत्यात, पण डोकं दुखायचं थांबतं."

"आणि माझं दुखतंय त्याचं काय?"

*

नारायणगावच्या शेठचं कापडाचं दुकान. त्यांना शुगर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर शेठ दुकानापासून भेळेच्या गाडीपर्यंत चालायचे! दादाने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसला. मागच्याने दिशा धरायची, पुढच्याने दम.

चार महिने शेठ एक दिवस चुकले नाहीत. शुगर उतरली. डॉक्टर खूश.

"शेठ, चालायला लागलात वाटतं?"

"छे हो! बसूनच असतो!"

*

बिरूमामांच्या घरची मेंढरं गेली, शेती आली आणि शेतीबरोबर बांध आला. त्या बांधावरून त्यांचं आणि शेजारच्या वावरातल्या बाळूनानांचं चार वर्षं बोलणं बंद. दादाने मुद्दाम दोघांना एकाच होडीत बसवलं आणि ढकलून दिलं!

दोघांची वल्ही एका तालात पडली नाहीत तर एकमेकांवर आपटतात. दहा मिनिटं नुसतं खाडखाड. मग बिरूमामांनी चार वर्षांतला पहिला शब्द काढला.

"डावं!"

"मग आधी बोलायचं की राव!" बाळूनाना ओरडले.

काठाला उतरल्यावर दोघं पुन्हा गप्प. मी विचारलं, तर मामा म्हणाले, "ते पाण्यावरचं बोलणं. बांधावरचं येगळं."

दादाच्या दहाव्याला दोघं एकाच मोटारसायकलवर आले.

*

माझा किस्सा लाजेचा आहे. शाळेच्या पोरी धरणावर सहलीला आलेल्या. मी होडीत उभा राहून वल्हं फिरवलं आणि पोरींसमोर उलटा झालो! अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून वर आलो आणि होडी सोडून काठाकडे हात मारायला लागलो.

दादा पोहत आला. मला वाटलं, कानाखाली बसणार.

"आधी होडी धर," तो हसत म्हणाला. "लाज मागनं येती काठाला."

*

दादा गेल्यावर आईने सांगून टाकलं, "त्या होडीला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." तिचा एक गेला होता, दुसरा द्यायचा नव्हता. शेठ, मामा, नाना सकाळी यायचे, पालथ्या होडीजवळ उभे राहायचे आणि जायचे. शेठची शुगर परत चढली. मला रात्री झोप येईना. घरात थांबलो असतो तर वेडा झालो असतो.

परवा सकाळी डोकं सटकलं. कुणाला न विचारता होडी सरळ केली आणि पाण्यात लोटली. तेवढ्यात वरच्या अंगणातून आई अनवाणी धावत आली. दादा असताना ती कधी काठावर आली नव्हती, अंगणातूनच बघायची. मी म्हटलं, आता मार खायचा.

तिने पदर खोचला आणि मागच्या सीटवर बसली.

"आई, उतर. पडशील!"

"चल."

मी पुढे बसलो. मागे तिचं वल्हं पाण्यात पडायला लागलं. एक डावं, एक उजवं, मध्ये जरासं थांबून. असं फक्त दादा मारायचा. मला मागे बघवेना.

"आई, कुठं शिकलीस?"

"गप वल्हव."

पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीपाशी आलो. मी सरळच वल्हवत होतो.

"हितनं वळ," आई म्हणाली. "तो हितनंच वळायचा."