वर्षभरानंतरची बिडी

मुर्री गावातली आमची शेजारीण दिवसाला हजार बिड्या वळायची. थ्रेशरच्या पट्ट्यात हात गेला, नस तुटली, बोटं लुळी पडली. डॉक्टरनं नस जोडली, पण जीव हळूहळूच येईल म्हणाला. तेव्हापासून ती ओट्यावर बसून बोटांनाच दटावते, "उठा नं जावईबापू, बसून किती खासान?"

वर्षभरानं काल तिनं पुन्हा बिड्या वळल्या. एक मला दिली. "वढून पाहा, मामाजी. पहिल्यासारखी झाली का?"

दोन झुरक्यांत विझली. खोटं बोलून मन राखणं माझ्याच्यानं होत नाही.

"ढिली आहे."

वाटलं, आता रडते. तिनं बिडी हिसकली, धागा तोडला, दुसरं पान कातरायला घेतलं.

"बसा. सकाळपासून सारे चांगलीच म्हणून राहिले. मले वाटलं, आता काही आशा नाही."