बटणांच्या फोनला एक स्टार

माझे बाबा जन्मभर कचेरीत टायपिस्ट होते आणि जन्मभर त्यांनी खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ला. रिटायर झाल्यावर त्या खर्ऱ्याने त्यांची अर्धी जीभ नेली. ऑपरेशननंतर तोंडातून नुसती घरघर यायची, शब्द उमटायचा नाही. डावा डोळा साखरेच्या आजाराने त्याआधीच गेला होता. हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघंच, आणि मी दिवसभर वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मागे त्यांना काही झालं तर मला कळणार कसं? या एका प्रश्नासाठी मी फोन शोधत होते.

काचेच्या फोनशी त्यांचं जमेना. टायपिस्टचं बोट बटण खाली बसेपर्यंत दाबतं. काचेवर असं दाबलं की एकाची तीन अक्षरं व्हायची. शेवटी ऑनलाइन एक स्वस्तातला फोन सापडला. वर लहानसा स्क्रीन, खाली खरीखुरी उठावदार बटणं, त्यांवर इंग्रजी अक्षरं. कॅमेरा भंगार, बॅटरी रात्र होताच मान टाकणारी. पण बाबांनी तो पाटावर ठेवला, दोन्ही हातांची बोटं त्यावर टेकवली आणि वाकड्या जबड्याने हसले.

बाजूचं एक बटण दाबलं की थेट माझं चॅट उघडेल, अशी सोय मी करून दिली. शब्द आपोआप दुरुस्त करणारा शहाणपणा बंद केला, कारण तो आमच्या मराठीचं वाटोळं करायचा. बाबा बटणांवरची अक्षरं बघत बघत इंग्रजीतून मराठी लिहू लागले. jevlo. bhaji khari. भाजी खारट झाल्याची तक्रार गोदामात बसून वाचताना मला काय बरं वाटायचं! फोनची किंमत पहिल्या महिन्यातच वसूल झाली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

मग एका सोमवारी अकराच्या सुमाराला मेसेज आला: eyk fnlr ukgh.

मी विचारलं, काय बाबा? पुन्हा तेच. दुपारपर्यंत तेच येत राहिलं, एका अक्षराचाही फरक नाही. मला वाटलं, बटण अडकलंय. बटण अडकलं तर काहीतरी वेगवेगळं उमटेल, दर वेळी तंतोतंत तेच कसं येईल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर सकाळचा पेपर दारातच पडलेला. अंधारून आलं होतं आणि बाबा दिवा न लावता खुर्चीत बसले होते. मी दिवा लावला तरी त्यांनी मान वळवली नाही. माझा आवाज ऐकल्यावर फोन पाटावर ठेवून त्यांनी भराभर टाइप केलं, पूर्वी कधी नव्हे इतक्या वेगाने, आणि फोन माझ्या दिशेने सरकवला. तीच ओळ. मी माझं नाव लिहून पाहिलं, ते बरोबर उमटलं. म्हणजे बिघाड फोनचा नव्हता. मग कुणाचा, हे मला मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. बाबांचं डोकं चाललं की काय, या भीतीने मी फोनलाच दोष दिला.

बाबांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. दिवसभर बटणांत डोळे घातल्यावर दुखणारच, असं म्हणत मी त्यात नेहमीचे थेंब टाकले. त्यांनी माझा हात झिडकारला. मलाही राग आला. त्या रागातच मी फोन घेतला होता त्या साइटवर त्याला एक स्टार दिला. लिहिलं, पैसे पाण्यात गेले, बटणं भलतंच टाइप करतात, म्हाताऱ्या माणसांसाठी चुकूनही घेऊ नका. पुरावा म्हणून बाबांच्या मेसेजचा फोटोही जोडला.

मंगळवारी बाबा भिंतीला हात लावत मोरीत गेले. मला वाटलं, अशक्तपणा. बुधवारी चहा कपाच्या बाजूला ओतला. मला वाटलं, झालं, डोकंच चाललं. कामात व्यत्यय नको म्हणून मी मेसेजचा आवाज बंद करून टाकला. गुरुवारी जेवणाच्या सुटीत गोदामातल्या बिल्टी लिहिणाऱ्या काकांपुढे फोनच्या नावाने बोटं मोडत मी तो फोटो धरला. मालाच्या पावत्या हाताने लिहिणारे हे काका पूर्वी अर्जनवीस होते, कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. त्यांनी चष्मा वर सरकवला, आणि त्यांची बोटं टेबलावर आपोआप हलू लागली.

"हे टाइपरायटर मशीनचं टायपिंग होय वं," ते म्हणाले. "देवनागरी मशीनचं. तुया बाबाले दिसून नाही राहिलं. 'मला दिसत नाही' लिहून राहिले ते."

इंग्रजी बटणांत जिथे ई असतं, तिथे त्या मशीनवर म. वायच्या जागी ल. केच्या जागी काना. बाबांना बटणांवरची अक्षरं दिसत होती तोवर ते इंग्रजीतून लिहीत होते. ज्या दिवशी ती दिसेनाशी झाली, त्या दिवशी बोटं आपल्या जुन्या जागांवर गेली. तोंडाने जन्मभर 'मले' म्हणणारा माणूस मशीनवर मात्र कचेरीसारखं शुद्ध 'मला' लिहीत होता, आणि ते मी चार दिवस अनोळखी लोकांना खराब मालाचा नमुना म्हणून दाखवत होते.

त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. आत रक्त उतरलंय, म्हणाले, पडदाही सुटलाय. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी बाबांनी खिशातून फोन काढून पुढे केला. 'मला दिसत नाही'च्या पहिल्या मेसेजची तारीख डॉक्टरांनी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच दिवशी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाले. ऑपरेशन करू, पण नजर येईल अशी आशा धरू नका.

बाहेर बाकावर मी बाबांचा हात धरला.

"मले वाचताच नाही आलं जी," मी म्हटलं. एक स्टारचंही सांगून टाकलं.

 मग मांडीवर फोन ठेवून त्यांनी सावकाश बटणं दाबली. Qksu pkaxyk vkgs. काकांनी एका रद्द बिल्टीच्या मागे मला कोणत्या अक्षराच्या जागी काय, ते लिहून दिलं होतं. तो कागद काढून मी एकेक अक्षर लावत बसले. फोन चांगला आहे.

मी ते पुन्हा लावून पाहिलं. माझ्याबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.